पाणंद सव्वासात फुटांची, मन एसयूव्हीवर: नवी घेऊ की वापरलेली?

गडग्याआड (३ ऑक्टोबर)

काल दसऱ्याला गाडी बुक करायची म्हणून सकाळीच आंघोळ-पूजा आटपून शोरूमला गेलो आणि बुक न करताच परत आलो. बायको विचारतेय, झालं काय? मलाच नीट सांगता येईना, म्हणून इथे लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

घर पावसच्या अलीकडे. नोकरी रत्नागिरीत, पतसंस्थेत. हातात महिन्याला ४६ हजार. आंब्याची साठेक कलमं आहेत, पण त्यांचा हिशोब मी धरत नाही. ज्याची बाग आहे त्याला कारण सांगायला नको. रोजचं जाणं-येणं ३४-३५ किलोमीटर, आजवर स्कूटरवर. आता मुलगी मोठी झाली, आई-आबांना दर महिन्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं, आणि जुलैच्या पावसात रेनकोटात तिघं कोंबून जाणं नको झालंय. गाडी हवी, इथवर घरात एकमत.

मनात भरलीय ती मोठी एसयूव्ही. सनरूफ, पुढे टीव्हीएवढा स्क्रीन. ऑन रोड १५ लाख. ५ माझे, १० कर्ज, ९ टक्क्यांनी ७ वर्षं. शोरूममधल्या पोराने हप्ता सांगितला, १६,०८९. एकूण किती ते काही सांगितलं नाही. ते मी धंद्याच्या सवयीने तिथेच मोबाइलवर काढलं: परतफेड १३ लाख ५१ हजार, म्हणजे साडेतीन लाख नुसतं व्याज. काउंटरच्या पलीकडे बसून हे मी रोज लोकांना समजावतो. काल अलीकडे बसलो होतो, इतकंच.

दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. डांबरीपासून घरापर्यंत पाणंद आहे, दोन्ही अंगांना चिऱ्यांचा गडगा. परवा आबांना घेऊन सुंभाने मोजली. सगळ्यात अरुंद जागी ७ फूट २ इंच, तिथेच वळण, आणि वळणावर सामायिक फणस. म्हणजे तो तोडायचा विषयसुद्धा काढायचा नाही. गाडी आरसे सोडून ५ फूट साडेदहा इंच, आरशांसकट सहाच्या वर. आबा सुंभ गुंडाळत म्हणाले, "जाईल रे. पण रोज काय श्वास रोखून घरी येणार?"

मुंबईचा चुलतभाऊ गणपतीत हीच गाडी घेऊन आला होता. ती पाच दिवस देवळाजवळ उभी होती आणि तो सामान डोक्यावरून आणत होता. तेव्हा मी हसलो होतो. आणि खरं सांगायचं तर ही गाडी डोक्यात शिरली तीही तेव्हाच.

आता दुसरा विचार असा की चार-साडेचार लाखांत, कर्ज न काढता, वापरलेली लहान गाडी घ्यावी. पण भीती वाटते. पुरातली निघाली तर? खालून गंजलेली निघाली तर? इथे घेतलेल्यांनी सांगा.

देवगडचो झील (३ ऑक्टोबर)

रे मेल्या, गाडी लोकांका दाखवूक व्हयी की फिरूक? आमच्या वाडयेत एकान गेल्या वर्सा मोठी गाडी हाडल्यान. हप्तो इतको की पेट्रोलाक पैसे उरणत नाय. गाडी ताडपत्रेखाली, आणि हो बायकोक घेवन स्कूटरार बाजाराक. ताडपत्री मात्र नवी आसा.

पन्हाळकर (४ ऑक्टोबर)

सोपं आहे की. आंबा घाट चढून इकडं या. घाटावरच्या गाडीला खारा वारा लागलेला नसतो, पत्रा खणखणीत मिळतो. कोल्हापुरात यार्डांची कमी नाही. एमएच ०९ ची पासिंग बघून घ्या, डोळे झाकून.

दहाबाराचा पाना (४ ऑक्टोबर)

डोळे झाकून? पन्हाळकर, ऑगस्ट २०१९ ला तुमच्या कोल्हापूर-सांगलीत काय झालं विसरलात का? पंचगंगा आणि कृष्णेने किती गाड्या धुतल्या ते आम्हाला विचारा. २०२१ च्या जुलैत परत तेच. त्यातल्या बऱ्याच आजही रस्त्यावर आहेत आणि चकाचक दिसतात.

मी चिपळूणला गॅरेजवाला. २२ जुलै २०२१ ला माझ्याच शटरच्या वरच्या पट्टीपर्यंत वाशिष्ठी आली होती, तेव्हा पुराचं ज्ञान मला फुकट मिळालेलं आहे, तुम्हालाही फुकट देतो.

पुरातल्या गाडीचं काय होतं ते आधी समजून घ्या. विमा कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते, गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. पुढे कुणीतरी ती लांबच्या शहरात नेतो, सीट काढून धुतो, इंजिन उघडून पुसतो, पॉलिश मारतो आणि जिथे पूर आला नाही तिथे विकतो. म्हणून पासिंग कुठलं यावरून काहीही कळत नाही. चिपळूणची गाडी सोलापुरात सापडते. इंजिन पुसून चालतं हो, मरतं ते वायरिंग. कनेक्टरच्या आत हिरवट बुरशीसारखं धरतं आणि वर्षभराने एकेक बटण दगा द्यायला लागतं. आज काच खाली जात नाही, उद्या एअरबॅगचा दिवा पेटतो.

बघायचं कसं, तर सगळ्यात आधी सीटबेल्ट. पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून काढा. लोक सीट धुतात, मॅट बदलतात, पण बेल्टचा आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की चहा न पिता निघा. मग पुढची सीट मागे सरकवून तिच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज बघा. डॅशबोर्डच्या खाली मान घालून स्क्रू बघा. तिथे खारं वारंही पोचत नाही, म्हणजे तिथला गंज पाण्याचाच. स्टेपनी काढून खड्ड्यात हात फिरवा, बोटाला बारीक गाळ लागतो का. हेडलाइटच्या आत पाण्याची आडवी खूण आहे का. आणि गाडीत बसल्या बसल्या अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं तर काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात बसा. वास खाली बसतो आणि कुबट वर येतो.

आता किनाऱ्यावरचा गंज. तुमच्या पावस पट्ट्यात समुद्राकडून वारा, त्यात चार महिने पाऊस, गाडी उघड्यावर. पत्रा वरून नाही सडत, खालून सडतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती लाल मातीने बुजतात आणि दार आतून कुजतं. ती कड बोटाने चाचपा, फुगीर लागते का. चाकावरच्या कमानीची आतली घडी बघा, सायलेन्सर बघा. आणि हे लक्षात ठेवा: खालून नवंकोरं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर आनंद मानू नका. विकायच्या आधी आठ दिवस कोण कोटिंग करतं? झाकायचं असेल तोच. स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटून बघा, खणखण वाजलं पाहिजे. भद्द वाजलं तर आत पापडी.

मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे बघा, मग स्टार्टर मारा. गरम गाडी सगळे दोष लपवते.

खाडीपल्याड (४ ऑक्टोबर)

पानाशेठ, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

नवीच बरी (५ ऑक्टोबर)

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून जरा उलट. धागाकर्त्याने १५ लाखांची नवी आणि ४ लाखांची जुनी एवढेच दोन पर्याय का ठेवलेत? २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी आता साडेसहा-सात लाखांत दारात येते. वॉरंटी आहे, पहिल्या मालकाचं पाप आपल्या माथी नाही, आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या गाड्यांखाली झोपून स्क्रूड्रायव्हर आपटत बसायला नको. माझी वापरलेली गाडी दोन वर्षांत ७० हजार खाऊन गेली. तेव्हापासून कानाला खडा.

गडग्याआड (५ ऑक्टोबर)

नवीच बरी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी त्यावर दिवसभर घोळलो. हिशोब मांडतो, चुकलं तर सांगा.

सात लाखांच्या गाडीतले आपल्या राज्यात ११ टक्क्यांच्या हिशेबाने साठ-पासष्ट हजार रस्ता कर म्हणून जातात. ते गाडीत दिसत नाहीत आणि विकताना परत येत नाहीत. वापरलेल्या गाडीचे ते पहिल्या मालकाने भरलेले असतात, राज्यातलीच गाडी असेल तर मला परत भरायचे नाहीत. दुसरं, विम्याचं कोष्टक बघा. वर्ष पुरं होईतो गाडीची धरलेली किंमत १५ टक्के उतरते, तिसरं वर्ष संपता ३०, पाचवं संपता ५०. बाजारभाव अगदी असाच चालतो असं नाही, पण साधारण उतार हाच. पहिल्या पाच वर्षांत अर्धी किंमत जाते. ती दुसऱ्याची गेलेली बरी.

आणि जीएसटी उतरला तर जुन्यांचे भावही थोडे खाली यायला हवेत ना? हे मी विकणाऱ्यांना सुनावणार आहे.

आमचा वापर वर्षाला फार तर दहा हजार किलोमीटर. पेट्रोल महिन्याला पाच हजारांच्या आसपास. त्यावर हप्ता शून्य की सोळा हजार, प्रश्न इतकाच उरतो. सात लाखांचं नवं घेतलं तरी दोनेक लाख कर्ज होतंच. कर्ज वाईट नसतं, मी त्याच धंद्यात आहे. पण ज्या वर्षी मोहर करपतो त्या वर्षीचा मार्च मला माहीत आहे.

मधली आळी (५ ऑक्टोबर)

एक विचारू का? गाडी चालवणार कोण? सगळा धागा वाचला, त्यात वहिनी फक्त "काय झालं" विचारायला आल्यात.

मी गुहागरची. लग्नात नवऱ्याने मोठी गाडी घेतली होती, मी तिला चार वर्षं हात लावला नाही. बॉनेट कुठे संपतं तेच कळायचं नाही. समोरून एसटी आली की माझे पाय गार पडायचे. मग त्याची बदली झाली आणि मी सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला म्हणून आठ वर्षं वापरलेली एक लहान गाडी घेतली. पहिल्या महिन्यात डावं दार गडग्याला घासलं. नवी असती तर घरात तेरावं घातलं असतं. जुनी होती म्हणून सासरेच म्हणाले, "चला, उद्घाटन झालं." आता मी धोपाव्याच्या फेरीबोटीत उलटी गाडी चढवते. तिथले खलाशी हाताने मागे-मागे करत असतात, मी त्यांच्याकडे बघतही नाही.

आई-आबांना डॉक्टरकडे न्यायचं तर ते कामाच्या दिवशी. तुम्ही पतसंस्थेत. मग?

गडग्याआड (५ ऑक्टोबर)

ताई, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यांना सांगा मी चालवणार. लायसन्स तिच्याकडे २०१६ पासून आहे, हे मी विसरलोच होतो.

देवगडचो झील (५ ऑक्टोबर)

झाला! आता घरात दोन डायवर आणि फणस एक.

वळणावर हॉर्न द्या (६ ऑक्टोबर)

माझं थोडं कडू लागेल, पण लिहितो. "जुनी, लहान, स्वस्त" म्हणताना कोणत्या सालची घेताय ते बघा. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग २०१९ मध्ये सक्तीची झाली. त्याआधीच्या बेस मॉडेलांत बहुधा दोन्ही नसतात. शेजारच्या सीटची एअरबॅग तर सगळ्या नव्या गाड्यांत २०२१ संपेपर्यंत सक्तीची नव्हती. त्या सीटवर घरातलं कोण बसणार आहे?

सगळे वॅगन आर सुचवतील. उंच आहे, आई-आबांना चढायला-उतरायला सोपी, पार्ट कुठेही मिळतो, सगळं मान्य. पण ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाड्या आपटून बघायच्या, चाचणीत २०१९ ला तिला दोन तारे होते, २०२३ ला एक. नेक्सॉनला २०१८ मध्ये पाच मिळाले, पण ती तुमच्या पाणंदीत मोठ्या गाडीइतकीच रुंद. टियागोला २०२० मध्ये चार मिळालेत. रुंदी साधारण साडेपाच फूट. तुम्ही हायवेला रोज लागत नसाल, पण रत्नागिरीहून मुंबईला जाताना एनएच ६६ वर काय काय भेटतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०११ पासून चौपदरी होतोय तो.

पन्हाळकर (६ ऑक्टोबर)

तारे मोजायचे तर रात्री अंगणात मोजावेत. आमची अल्टो १४ वर्षं चाललीय, काही झालं नाही.

वळणावर हॉर्न द्या (६ ऑक्टोबर)

काही झालं नाही म्हणून तर लिहिताय.

दहाबाराचा पाना (६ ऑक्टोबर)

हॉर्नवाले बरोबर आहेत. मी गॅरेजवाला असून सांगतो, लोक मायलेज विचारतात, रीसेल विचारतात, ब्रेक कोणी विचारत नाही. २०२० किंवा नंतरची बघा, म्हणजे बहुधा बीएस ६, धुराच्या नव्या नियमातली, पण असेल आणि १५ वर्षांच्या नोंदणीतली बरीचशी शिल्लक राहिली. एक ध्यानात घ्या, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आहेत. त्याआधीची घेतलीत तर इंधनाचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसला बघून घ्यायचे. पेट्रोलचा वास आला की थांबायचं. घाबरण्यासारखं नाही, विसरण्यासारखंही नाही.

आणि डिझेल नको. दिवसाला ३५ किलोमीटरला डिझेल म्हणजे मुंगी मारायला तोफ.

गडग्याआड (१२ ऑक्टोबर)

वृत्तांत. काल दोन गाड्या बघून आलो.

पहिली रत्नागिरीतच. एका एजंटकडे, २०२०, मीटरवर २८ हजार किलोमीटर. दिसायला सुरेख. पण क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून मधे लोखंड चमकत होतं, स्टिअरिंगचा वरचा भाग हात लागून लागून गुळगुळीत. २८ हजारांत एवढं? सर्व्हिसचं पुस्तक मागितलं तर म्हणाला हरवलं. सर्व्हिस सेंटरची नोंद काढून दाखवा म्हटलं, तर म्हणाला साहेब तुम्हाला गाडी घ्यायची आहे की चौकशी करायचीय? दोन्ही, म्हटलं. राम राम.

दुसरी कोल्हापुरात. यार्डचं नाव लिहीत नाही, गरजही नाही. आंबा घाट चढून गेलो, बायको बरोबर. यार्डातल्या मुलाने आल्या आल्या चहा मागवला. गाडी पांढरी, डागसुद्धा नाही, आत लिंबाचा वास. मी इंजिनाकडे बघत होतो. बायको मागच्या सीटवर बसली आणि बेल्ट ओढायला लागली. ओढतेय, ओढतेय. शेवटाला आल्यावर तिने मला नुसतं "अहो" म्हटलं. पट्ट्याचा रंग तिथे बदलत होता. वर राखाडी, खाली चहासारखा, आणि मधे अगदी सरळ रेघ. नखाने खरवडलं तर भुकटी निघाली.

मुलाला दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, लहान मुलांनी काहीतरी सांडलं असेल. बायको म्हणाली, चारी बेल्टवर?

चहा आला होता. न पिता निघालो नाही, पानाशेठ, क्षमस्व. पैसे देऊन प्यायलो.

दहाबाराचा पाना (१२ ऑक्टोबर)

वहिनींना गॅरेजात नोकरी पक्की.

नवीच बरी (१२ ऑक्टोबर)

हेच सांगत होतो मी. दोनपैकी दोन. दिवाळी पाडव्याला अजून दहा दिवस आहेत, शोरूम उघडं आहे.

सही शिक्का (१३ ऑक्टोबर)

गाडी सापडायच्या आधीच कागदाचं लिहून ठेवते. सापडल्यावर कोणी ऐकत नाही.

गाडीचा नंबर घेऊन आधी परिवहनच्या पोर्टलवर बघा. मालक कितवा, नोंदणी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, दंडाची चलनं किती थकलीत. कर्ज फेडलंय असं तोंडी सांगतील. फेडलेलं असतंही. पण बोजा आरसीवरून उतरवलेला नसतो. त्याला बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. तो बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विम्यासाठीही १४ दिवसांत कंपनीला कळवा. नाहीतर अपघात झाल्यावर गाडी तुमची, विमा दुसऱ्याचा, आणि दावा कोणाचाच नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तेव्हा हप्ता थोडा वाढेल, दचकू नका.

माझ्या भावाने स्कूटर विकली, घेणाऱ्याने नावावर केलीच नाही. दीड वर्षाने पोलीस भावाच्या दारात. स्कूटर कुठेतरी कोणाला धडकली होती. म्हणून सांगते, सह्या करून "नंतर करू" म्हणणाऱ्यापासून दोघांनीही लांब राहावं.

मधली आळी (१४ ऑक्टोबर)

एजंट सोडा. ओळखीपाळखीत विचारा. शाळेत, बँकेत, डॉक्टरांच्या कंपाउंडरला. आपल्याकडे निवृत्त मास्तरांच्या गाड्या असतात. शनिवारी बाजार, सोमवारी देऊळ. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. विकायची असते, पण एजंटला द्यायला जीव होत नाही.

गडग्याआड (२० ऑक्टोबर)

ताई, तुमच्या तोंडात साखर पडो. पतसंस्थेत येणाऱ्या एका खातेदाराच्या व्याह्यांची गाडी देवरुखला. टियागो, २०२०, पेट्रोल, ४१ हजार किलोमीटर, एकच मालक. निवृत्त शिक्षक, वय ७४. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर गाडी चालवणं थांबवलं. देवरुख समुद्रापासून आत, म्हणजे खाऱ्या वाऱ्याचा प्रश्न थोडा कमी.

गाडी विटांच्या शेडमध्ये, वर मंगलोरी कौलं. मास्तर म्हणाले, चालू केलेली नाही, तुमचा निरोप होता. बॉनेट गार. बेल्ट बायकोने चारही ओढले, मास्तर बघतच राहिले. त्यांना कारण सांगितलं तर घरातून वही घेऊन आले. शाईच्या पेनाने, तारीखवार: पेट्रोल किती, हवा कधी भरली, वायपर कधी बदलला. एप्रिल-मे २०२० ची दोन पानं कोरी, वर फक्त "टाळेबंदी". त्याच अक्षरात पुढे एक नोंद, "बंपर तुळशीवृंदावनास लागला. चूक माझी."

दोष सापडले नाहीत असं नाही. टायर मूळचेच आहेत. बाजूवर कोरलेले चार आकडे वाचले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. शेवटचे दोन २०. नक्षी भरपूर शिल्लक पण रबर कडक, भेगा पडायला लागलेल्या. बॅटरी दम टाकत होती. आणि एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराने सोलून ठेवलेल्या सुपाऱ्या. अकरा. मास्तर ओशाळले, म्हणाले चोर सापडला. वायरिंग कुठे कुरतडलंय का ते मेकॅनिककडून बघून घेतलं, एका सेन्सरच्या वायरला दात लागलेत, बाकी ठीक.

पानाशेठ, हे चालेल का? ते ४ लाख १५ म्हणताहेत.

दहाबाराचा पाना (२० ऑक्टोबर)

ती वही गाडीबरोबर मागून घ्या. टायर चार, बॅटरी, सगळे फिल्टर, ऑइल, ब्रेक ऑइल, वायरचं काम: ३०-३५ हजार धरा आणि तेवढे भावातून मागा. एक चाचणी राहिली. चढावर उभी करून हँडब्रेक ओढा, तिसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. घरघरत राहिलं तर क्लचप्लेटचे पैसेही मागा.

गडग्याआड (२० ऑक्टोबर)

देवरुखात चढाला काय तोटा! पटकन बंद पडलं.

वळणावर हॉर्न द्या (२१ ऑक्टोबर)

एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर पेटून काही सेकंदांत विझतो का, ते बघा. पेटलाच नाही तर बल्ब काढून ठेवलेला असू शकतो.

गडग्याआड (९ नोव्हेंबर)

पाडव्याला जमलं नाही. बोजा आरसीवर होताच. कर्ज केव्हाच फिटलेलं, मास्तरांना वाटलं बँक आपोआप कळवते. सही शिक्का ताई, तुमच्यामुळे आधीच कळलं. फॉर्म ३५ झाला, नावावर करायचा अर्ज गेला, विमा माझ्या नावावर झाला, आणि काल गाडी घरी आली.

डांबरीपासून पुढे बायकोने चालवली. मी पुढे चालत होतो, हात मागे-पुढे करत, फेरीबोटीतल्या खलाशासारखा. फणसापाशी तिने काच खाली केली आणि म्हणाली, तुम्ही बाजूला व्हा, तुमच्यामुळेच जागा कमी पडतेय. आबा गडग्यावर बसून बघत होते. दोन्ही बाजूंना वीत वीतभर जागा राहिली.

सनरूफ नाही म्हणून मुलगी खट्टू होती. तिला मागची दोन्ही बटणं देऊन टाकली, काचा सारख्या वर-खाली होताहेत.

पन्हाळकर (९ नोव्हेंबर)

अभिनंदन! कितीला तुटली?

गडग्याआड (९ नोव्हेंबर)

३ लाख ९०. टायर-बॅटरी वगैरे धरून मला ४ लाख २३ हजारांना पडली.

पन्हाळकर (९ नोव्हेंबर)

दहा-पंधरा हजार जास्त दिलेत. मी असतो तर पावणेचारला आणली असती.

गडग्याआड (९ नोव्हेंबर)

असेल. पण निघताना मास्तरीणबाईंनी कोकमाच्या आगळाची बाटली दिली आणि अकरा सुपाऱ्याही, धुऊन, पुडीत बांधून. म्हणाल्या, तुमच्या गाडीतल्या आहेत, तुम्हीच न्या.

देवगडचो झील (९ नोव्हेंबर)

आणि उंदीर?

गडग्याआड (१० नोव्हेंबर)

तोच विचारायला आलो होतो. रात्री बॉनेटमधून खुडबूड ऐकू येतेय. काय लावता तुम्ही लोक?